रोड बाईकची बार टेप: रंग नंतर निवडा, आधी खाली काय चाललंय ते बघा

नवीन रोड बाईक घेतली की पहिले सहा महिने आपण टायरमधली हवा, चेनचं तेल आणि स्ट्रावा ॲपवरचे आकडे यातच इतके अडकलेले असतो की ज्या गोष्टीवर आपला हात तासन् तास असतो तिच्याकडे लक्षच जात नाही. ती म्हणजे हँडलबारवर गुंडाळलेली टेप. माझी पहिली टेप मी अडीच वर्षं बदलली नव्हती, त्यात २०२० चा लॉकडाऊन पण आला, हॉलमध्ये ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) सायकल लावून रोज तासभर घाम गाळायचो आणि तो सगळा घाम कोपरापासून ओघळत हँडलवर. शेवटी टेप काढली तर खाली हँडलवर चुना लावल्यासारखी पांढरी पावडर, आणि ती पुसली तर ब्रेक लिव्हर हँडलला आवळणाऱ्या क्लॅम्पशेजारी बारीक बारीक खड्डे. ॲल्युमिनियम घामाच्या मिठाने खाल्लं होतं. हँडल फेकून द्यावं लागलं आणि त्या दिवसापासून टेप हा विषय माझ्यासाठी सजावटीचा राहिला नाही.

म्हणून नवीन लोकांना माझं सांगणं असं की टेप दुकानात देऊन बदलून घेऊ नका, निदान एकदा तरी स्वतः बदला. अवघड नाहीये. पहिल्यांदा दीड तास लागेल आणि थोडी वाकडी होईल, तिसऱ्या वेळी अर्ध्या तासात होते.

टेप कोणती घ्यायची

बॉक्समध्ये साधारण काय येतं ते आधी. दोन रोल, प्रत्येकी अंदाजे २ मीटर लांब आणि ३ सेंटीमीटर रुंद, दोन आखूड पट्ट्या (या फेकू नका, कशासाठी ते पुढे सांगतो), हँडलच्या टोकाला बसवायचे दोन प्लग आणि शेवटी चिकटवायच्या दोन छोट्या चिकटपट्ट्या ज्यांच्यावर कंपनीचं नाव असतं आणि ज्या आठवड्याभरात निघून येतात.

मटेरियलचं म्हणाल तर सगळ्यात कॉमन म्हणजे कॉर्क टेप, पण ती नावालाच कॉर्क, खरंतर ईव्हीए फोम (चपलांच्या सोलमध्ये असतो तोच प्रकार) आणि त्यात कॉर्कचा थोडा चुरा. सिनेली कंपनीची कॉर्क टेप जुनी आणि प्रसिद्ध आहे. हिला ताण देता येतो, मऊ असते, घाम शोषते आणि स्वस्त मिळते, म्हणून पहिली टेप हीच घ्या. दोष एवढाच की फार जोरात ओढली तर टचकन तुटते आणि पावसाळ्यात पाणी पिऊन बसते.

दुसरा प्रकार पॉलियुरेथेनची, रबरासारखी चिकट पकड असलेली टेप. लिझार्ड स्किन्सवाल्यांच्या १.८, २.५ आणि ३.२ मिलिमीटर अशा जाड्या मिळतात. पकड जबरदस्त, ओल्या हातानेही सटकत नाही, पण किंमत बघून घाम फुटतो. साध्या टेपचे तीन-चारशे तर हिचे काही हजार. माझं मत विचाराल तर आधी दोन वेळा साध्या टेपवर हात बसवा आणि मग हिच्याकडे जा.

जाडी निवडताना एक लक्षात ठेवा, जाड म्हणजे आरामदायक हे समीकरण सगळ्यांना लागू होत नाही. हात लहान असतील तर जाड टेपने हँडल मुठीत नीट मावत नाही आणि उलट जास्त जोर लावून धरावं लागतं. आणि दोनशे किलोमीटरच्या बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तो तळव्यातून जाणाऱ्या अल्नार नावाच्या नसेवरचा दाब असतो. जाड टेपने थोडा फरक पडतो पण खरा इलाज सीटची उंची, स्टेमची (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) लांबी आणि दर दहा मिनिटांनी हात हलवणं हा आहे. नुसती टेप बदलून बधिरपणा गेला असं सांगणारे भेटतील, त्यांचं नुसतं ऐकून घ्या आणि सायकलचं फिटिंग तपासा.

रस्ता अगदीच खराब असेल तर डबल टेप. म्हणजे एकावर एक दोन थर, किंवा खाली जेलचे पॅड. फ्रान्समध्ये पॅरिस-रूबे नावाची रेस असते, जवळपास २६० किलोमीटर आणि त्यातले ५० पेक्षा जास्त किलोमीटर जुन्या दगडी रस्त्यावरून, तिथे कित्येक रायडर असं करतात. आपल्याकडे काही गावांतून जाणारे रस्ते पावसाळ्यानंतर त्याच तोडीचे असतात, असो.

सामान

घरात बहुतेक सगळं असतंच. धारदार कात्री (आईची शिवणकामाची घेऊ नका, गोंदाने खराब होते आणि मग जे ऐकावं लागतं ते वेगळंच), कटर, इलेक्ट्रिशियनवाली काळी इन्सुलेशन टेप, एक-दोन जुनी सुती फडकी, आणि मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ब्रेक लिव्हर हलवायचे असतील तर ॲलन की (सहाकोनी पाना).

हात साबणाने धुऊन पुसून घ्या. हे मी मजेत नाही म्हणत आहे, चेनचं काळं बोटांना असेल आणि टेप पांढरी असेल तर गुंडाळून होईपर्यंतच ती वर्षभर वापरल्यासारखी दिसते.

जुनी टेप काढणं आणि खाली बघणं

लिव्हरवरचं रबर, ज्याला हूड म्हणतात, ते मागच्या बाजूने सोडवून पुढे दुमडा. मग स्टेमजवळची चिकटपट्टी कापा आणि टेप उलटी सोडत जा. कटरने सरळ चीर देऊन काढायचा मोह होतो, पण कार्बनचं हँडल असेल तर चुकूनही नको, एक ओरखडा महागात पडतो. काढताना ती कुठल्या दिशेने गुंडाळली होती आणि लिव्हरपाशी काय केलं होतं त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

गोंद चिकटून राहिला असेल तर हेअर ड्रायरने थोडं गरम करून बोटाने चोळा, वळ्या होऊन निघतो. नाहीच निघाला तर खोबरेल तेल लावून पाच मिनिटं ठेवा, मग फडक्याने पुसा आणि शेवटी अल्कोहोलने परत पुसून तेलाचा अंश घालवा नाहीतर नवी टेप चिकटणारच नाही. रॉकेल-पेट्रोल वगैरे लांब ठेवा.

आता या सगळ्यातलं महत्त्वाचं काम. हँडल उजेडात घेऊन सगळीकडून बघा, विशेषतः लिव्हरच्या क्लॅम्पच्या आजूबाजूला, स्टेमच्या जवळ आणि ड्रॉपच्या (हँडलचा खाली वळलेला भाग) वळणावर. ॲल्युमिनियम असेल तर पांढरी पावडर, खड्डे, केसासारखी बारीक चीर. नुसती हलकी पावडर असेल तर ओल्या फडक्याने पुसून कोरडं करून पुढे जा. बोटाच्या नखाला लागेल असा खड्डा किंवा कुठलीही चीर दिसली तर ते हँडल भंगारात. घाटाच्या उतारावर हँडल मोडलं तर काय होतं ते मी सांगायला नको. कार्बन असेल तर बघा की कुठे थर सुटलाय का, क्लॅम्प फार आवळून दबल्याची खूण आहे का, आणि एखादा पडलेला प्रसंग आठवत असेल तर त्या जागी दोनदा बघा.

केबलवाली सायकल असेल तर याच वेळी केबलपण बघून घ्या. बऱ्याच सायकलींवर ब्रेक आणि गिअरच्या केबलचं बाहेरचं कव्हर टेपखालूनच जातं, म्हणजे टेप न काढता ते बदलता येत नाही. आणि शिफ्टरच्या (गिअर बदलायच्या लिव्हरच्या) आत गिअर केबलचे तंतू एक एक करून तुटतात, बाहेरून काही कळत नाही, फक्त गिअर नीट पडेनासे होतात. केबल बदलायची वेळ जवळ आलीच असेल तर आत्ताच बदला, नाहीतर महिन्याने नवी कोरी टेप परत सोडावी लागेल आणि तेव्हा फार जीवावर येतं.

लिव्हर थोडे वर-खाली, आत-बाहेर करायचे असतील तर तेही आत्ताच. नवीन सायकलवर तर मी सुचवेन की लिव्हरची जागा पक्की होईपर्यंत चार-पाच राईड नुसत्या इन्सुलेशन टेपने केबल बांधून उघड्या हँडलवरच करा. विचित्र दिसतं, ग्रुपमध्ये चेष्टा होते, चालतं.

गुंडाळायची दिशा

इथे दोन पंथ आहेत आणि पोह्यात बटाटा घालायचा की नाही यासारखा हा वाद संपत नाही.

एक गोष्ट मात्र दोघांना मान्य आहे, सुरुवात खालून, म्हणजे ड्रॉपच्या टोकापासून करायची आणि स्टेमपाशी संपवायची. कारण मग प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या वर चढतो आणि हात पुढे-खाली सरकला तरी कडा उचकटत नाहीत. जुन्या काळी कापडी टेप वरून खाली गुंडाळून टोकात खोचायचे, दिसायला छान पण कडा लवकर गोळा व्हायच्या.

वाद आहे तो फिरवण्याच्या दिशेचा. सीटवर बसल्यासारखं मागून बघा. एक पंथ म्हणतो टेप बाहेरच्या बाजूला फिरवा, म्हणजे उजवीकडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि डावीकडे उलटी, कारण ड्रॉप धरून जोर लावला की हात बाहेरच्या दिशेने पिळतात आणि टेप अजून घट्ट होते. दुसरा पंथ म्हणतो आत फिरवा, म्हणजे उजवीकडे काट्यांच्या उलट आणि डावीकडे काट्यांप्रमाणे, कारण तसं केलं तर हँडलच्या वरच्या सरळ भागावर टेप आपल्या दिशेने येते, आणि चढावर तिथे धरून आपण हँडल स्वतःकडे ओढतो तेव्हा ती घट्ट होत जाते. लिव्हरपाशी आठच्या आकड्यासारखा फेरा घेऊन दिशा बदलून दोन्ही साधणारे कलाकारही आहेत.

मी दुसऱ्या पंथाचा. नवीन माणूस सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन येतो तेव्हा ड्रॉपवर किती वेळ असतो? दहा मिनिटंसुद्धा नाही. बाकी सगळा वेळ हूडवर आणि वरच्या भागावर. मग जिथे हात असतो तिथली टेप घट्ट राहिलेली बरी. तुम्ही कुठलीही दिशा घ्या, फक्त दोन्ही बाजू एकमेकीचं आरशातलं रूप असल्या पाहिजेत. मी पहिल्यांदा दोन्हीकडे एकाच दिशेने गुंडाळली होती, आणि पुण्याजवळचा बोपदेव घाट चढताना डावीकडची टेप सैल होऊन हातात फिरायला लागली.

आता प्रत्यक्ष

आधी केबल हँडलला काळ्या टेपने तीन-चार ठिकाणी घट्ट बांधा, मध्ये उंचवटे राहिले तर ते नंतर तळव्याला टोचतात. मग ती जी आखूड पट्टी सांगितली ती लिव्हरच्या क्लॅम्पच्या मागून चिकटवा, म्हणजे नंतर तिथे उघडं ॲल्युमिनियम डोकावणार नाही.

टोकाला पहिला फेरा असा घ्या की अर्धी रुंदी हँडलच्या बाहेर लटकेल. ती नंतर आत खोचायची आणि वर प्लग दाबायचा. एक पूर्ण फेरा जागच्या जागी, मग पुढे निघा.

ताण हा सगळा खेळ आहे. लहानपणी भोवऱ्याला जाळी गुंडाळली असेल तर हाताला हे आधीच माहीत आहे, सैल गुंडाळली की भोवरा फिरतच नाही आणि जास्त आवळली की सुटत नाही, तसंच. टेप थोडी ताणली गेली पाहिजे, हातातल्या बाजूला एकसारखा ओढ ठेवायचा, मध्येच फोन आला म्हणून सोडायची नाही. फोम ताणून पांढरट व्हायला लागला किंवा अरुंद झाला तर जास्त ओढताय. सैल राहिली तर आठवड्यात सुरकुत्या.

एकावर एक किती चढवायची, तर साधारण एक तृतीयांश ते अर्धी. टेपच्या मागे मधोमध गोंदाची पट्टी असते, ती आधीच्या फेऱ्यावर थोडी आणि उघड्या हँडलवर थोडी बसली की अंतर बरोबर. ड्रॉपच्या वळणावर मात्र बाहेरच्या बाजूला फेरे फाकतात आणि आतल्या बाजूला गोळा होतात, तिथे टेपचा कोन किंचित बदलून बाहेरच्या बाजूला जास्त चढवा. दर दोन फेऱ्यांनी हँडलच्या खालून डोकं घालून बघा, फटी नेहमी खालीच लपलेल्या असतात. चुकलं तर चार फेरे मागे सोडा आणि परत घ्या, गोंद एक-दोन वेळा सोडल्याने काही बिघडत नाही. फक्त कॉर्कवाली टेप सोडताना हळू, गोंदाबरोबर फोमही निघतो.

लिव्हरपाशी आल्यावर शेवटचा फेरा क्लॅम्पच्या अगदी खालून घ्या आणि मग टेप तिरकी वर नेऊन क्लॅम्पच्या अगदी वरून पुढे चालू करा. आखूड पट्टी आणि हूड मिळून मधली जागा झाकतात. हूड खाली ओढून बघा, कुठे उघडं दिसतंय का. दिसत असेल तर आत्ताच दुरुस्त करा, "चालतंय की" म्हणून पुढे गेलात तर रोज राईडला नजर तिथेच जाणार.

वरच्या सरळ भागावर काम सोपं आहे. स्टेमजवळ जिथे हँडल जाड होतं त्याच्या थोडं अलीकडे थांबा, लाईट, घंटी आणि सायकल कॉम्प्युटरला जागा लागते. टेप आधीच संपत आली तर खाली फेरे फार जवळ घेतलेत, सोडून परत करण्याशिवाय उपाय नाही, माझ्या पहिल्या वेळी चार बोटं कमी पडली होती आणि मी ती जागा काळ्या टेपने झाकून वर्षभर काढली.

शेवट कापायचा तो तिरका. शेवटचा फेरा घेऊन झाला की कुठे संपवायचंय तिथे पेनने खूण करा, दोन फेरे सोडा, आणि खुणेपासून निमुळतं होत जाईल असं कापा, मग परत गुंडाळल्यावर कड हँडलला काटकोनात सरळ बसते. त्यावर काळी इन्सुलेशन टेप, तीन-चार फेरे, पहिले ताणून आणि शेवटचा अजिबात न ताणता. ताणलेलं टोक उन्हात हळूहळू मागे सरकतं आणि गोंद बाहेर येऊन बोटांना चिकटतो, हे कोणी सांगत नाही.

मग प्लग. सैल बसत असेल तर त्याच्यावर काळ्या टेपचा एक फेरा देऊन जाड करा, हाताच्या बुडाने ठोकून आत घाला. प्लग हरवला तर तशीच सायकल चालवू नका. उघडं हँडल म्हणजे शंकरपाळे कापायच्या कातणासारखी गोल धार, पडलात तर मांडीत किंवा पोटात रुतते. परदेशात जुने रायडर वाईनच्या बाटलीचं बूच ठोकून चालवायचे, ते पण चालेल.

स्टाईल

काळी टेप कधीच चुकत नाही. पांढरी दुकानात सगळ्यात सुंदर दिसते, रेसच्या फोटोंत तर विचारूच नका, पण त्या रायडरची टेप मेकॅनिक बदलत असतो आणि तुमची तुम्ही. पुण्याच्या धुळीत पांढरी टेप तीन आठवडे टिकली तर पार्टी द्या. रंगीत घ्यायचीच असेल तर सीट किंवा फ्रेमवरच्या एखाद्या बारीक रंगाशी जुळवा, तीन-चार रंग झाले की सायकल गणपतीच्या मांडवासारखी दिसायला लागते.

जुन्या स्टीलच्या सायकलवर कापडी टेप फार शोभते. आणि तिच्यावर लाखेचा थर देतात, हो, आपलीच लाख. फर्निचर पॉलिशवाले वापरतात तो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून ब्रशने तीन-चार हात मारायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, रंग गडद होतो आणि पाणी शिरत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात बेनोटोची चकचकीत प्लास्टिकची टेप फॅशनमध्ये होती, दिसायला झकास आणि धरायला घामट हातात साबण. चामड्याची ब्रूक्सची पण मिळते, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तिला बुरशी येते का यावर रोज नजर ठेवायची तयारी असेल तरच घ्या.

निगा

राईडवरून आल्यावर ओल्या फडक्याने टेप पुसायची, बास. ट्रेनरवर चालवत असाल तर हँडलवर जुना टॉवेल टाकाच. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना टूथब्रश, हलक्या हाताने घासून फडक्याने टिपून घ्या आणि सावलीत वाळवा. नळाखाली किंवा प्रेशरच्या पाण्याने नको, पाणी टेपच्या आत शिरून हँडलवर बसतं आणि परत पांढऱ्या पावडरीची गोष्ट सुरू होते. पांढऱ्या टेपवरचे डाग अल्कोहोलने जातात पण जास्त घासलं तर वरचा थर निघतो.

टपरीवर चहाला थांबलात की सायकल भिंतीला हँडल टेकवून उभी करायची आपल्याला सवय असते, टेप फाटायला सगळ्यात जास्त कारणीभूत तीच. सीट किंवा मागचं चाक टेकवा. पडून लिव्हरच्या बाहेरच्या बाजूला फाटली तर काळ्या टेपचे दोन फेरे देऊन घरी या. सीटखालच्या पिशवीतल्या पंपाभोवती मीटरभर काळी टेप गुंडाळून ठेवायची, असल्या वेळी तीच कामाला येते.

किती दिवसांनी बदलायची, तर माझा हिशोब असा की दरवर्षी पावसाळा संपला की एकदा, फाटलेली असो वा नसो. ट्रेनरवर रोज बसणाऱ्यांनी सहा महिन्यांनी.

जुनी टेप मात्र टाकू नका. चांगला राहिलेला तुकडा चेनस्टेवर (चेनशेजारून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) गुंडाळला तर खड्ड्यांत चेन आपटून रंग उडत नाही. लाईटचा क्लॅम्प सैल बसत असेल तर खाली एक पट्टी. आणि आमच्याकडे आईने गेल्या वेळी उरलेले चार तुकडे पोळपाटाच्या पायांना चिकटवून घेतले, आता लाटताना तो ओट्यावरून सरकत नाही, आणि पुढची टेप कधी काढणार म्हणून तिने दोनदा विचारून झालंय, कारण शेजारच्या काकूंनाही हवी आहे.